एक झाले की वळ

कमरुद्दीन आज हारुनच्या उजव्या बाजूने चालत होता.

म्हटलं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे! बर दुबईच्या गल्लीतून, कापडाच्या दुकानांमधून दोन माणसं धक्क्याकडे निघाली तर एक उजवीकडे असणार, एक डावीकडे. पण हारुनच्या डाव्या खांद्यावर ताग्यांचं ओझं घेतलेला हमाल धाडकन आदळला, "देख के चल ना, भाई" म्हणून पुढे गेला, आणि हारुन जागच्या जागी उभा राहिला. असं आजवर कधी झालं नव्हतं. त्याच्या डाव्या हाताला नेहमी कमरुद्दीन असायचा. गावात असायचा, मुंबईला बोटीत चढताना होता, इथे आल्यावरही होता. त्या बाजूचा खड्डा, त्या बाजूची सायकल, त्या बाजूने येणारा हमाल, सगळं कमरुद्दीन बघायचा आणि कोपराने नुसतं ढोसायचा. बोलायचं काम नाही. कारण हारुनला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट साऱ्या दुनियेत दोघांनाच ठाऊक होती. हारुनच्या आईला, मैमुनाबीला, वाटायचं की लहानपणी बोरीचा काटा लागला होता पण डोळा वाचला. बायकोला, अन्वरीला, तेवढंही माहीत नव्हतं.

"काय रे, थांबलास का?" कमरुद्दीन म्हणाला.

"तू या बाजूला कसा?"

कमरुद्दीनने एकदा खाली बघितलं आणि मग तो हसला. "अरे, सगळ्या मुलखाने बाजू बदलली, मी बदलली तर एवढं काय? यल्ला, चल. साहेब बोंबलत असेल."

विनोद बरा होता, पण हारुनला हसू आलं नाही. गेल्या साली रस्त्याची बाजू बदलली तेव्हा सगळ्यांनी आठ दिवस मजा केली होती, एकमेकांवर गाड्या घालत, शिव्या देत. हारुनच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. आधी गाड्या डावीकडून चालायच्या, समोरची लॉरी उजव्या अंगाने यायची, चांगल्या डोळ्याच्या. आता ती डावीकडून येते, अंधारातून. शेठची लॉरी घेऊन तो अल ऐनच्या वाटेला जायचा, वाळूतून, टायरांच्या खुणांवरून, मान सारखी डावीकडे फिरवत. मान दुखून यायची. आणि मागच्या महिन्यात तो गाढववाला. खजुराच्या करंड्या लादलेलं गाढव आणि त्याच्या मागे म्हातारा, दोघं डावीकडे कधी आले ते हारुनला कळलंच नाही. करंडी बोनेटला घासून गेली. म्हातारा वाचला, गाढव वाचलं, म्हाताऱ्याने वर हात करून अल्लाचे आभार मानले आणि हारुनला सलाम केला. सलाम! हारुन लॉरीतून खाली उतरून वाळूत ओकला होता. त्या दिवशी त्याने खोलीवर येऊन कमरुद्दीनला सगळं सांगितलं, आणि कमरुद्दीन त्याचा हात धरून म्हणाला होता, "खलास. आता लॉरी नको. शाळेतली जागा तुझी. मी बघतो."

धक्क्यावर अब्रा, खाडी ओलांडणारी होडी, भरत आली होती. हारुन फळीवर बसला, कमरुद्दीन त्याच्या शेजारी, पुन्हा उजवीकडेच. डावीकडे अजून जागा होती. खाडीचं पाणी संथ होतं आणि पलीकडे देऱ्याच्या पडावांच्या काठ्या दिसत होत्या. शाळेतली जागा म्हणजे गाडी शिकवणाऱ्याची. देऱ्यापलीकडच्या ट्रेड स्कूलमध्ये दोघं संध्याकाळच्या वर्गाला जायचे, हारुन मोटारीच्या, कमरुद्दीन नकाशे काढण्याच्या. शाळेचं स्वतःचं मैदान होतं, भिंत घातलेलं. तिथे दिवसभर पोरांना क्लच आणि गिअर शिकवायचे, समोरून कुणी यायचं नाही, गाढव नाही, म्हातारा नाही. एका डोळ्याच्या ड्रायव्हरला अल्लाने याहून चांगली जागा काय द्यावी! शाळेच्या साहेबाने जाहीर केलं होतं की यंदाच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याला ती जागा. शर्यत म्हणजे दहा गाड्या एकदम सोडायच्या, तसली नव्हे. विलायतेत कॉलेजची पोरं मोकळ्या रानात अशी शर्यत खेळतात म्हणे. पिंपं मांडून वाट आखायची, गाडी एकच, ड्रायव्हर एकामागून एक, आणि साहेब हातात घड्याळ घेऊन उभा. पिंपाला धक्का लागला की वेळ वाढलाच. वाट कुणी आधी बघायची नाही. त्या सकाळी सगळ्यांनी पायी फिरून ती डोक्यात भरायची आणि मग चालवायची. आणि वाट आखणाऱ्याने स्वतः शर्यतीत उतरायचं नाही. कमरुद्दीनचा हात नकाशात साफ, म्हणून यंदाची वाट साहेबाने त्याच्याकडे दिली होती. त्या रात्री दोघांनी हॉटेलात सामोसे खाल्ले होते.

"मुश्ताक पण आहे आज," कमरुद्दीन पाण्याकडे बघत म्हणाला.

"असेना. चांगला चालवतो पोरगा. पण घाबरतो."

"हां. घाबरतो," कमरुद्दीन म्हणाला.

मुश्ताक हा अलीमियाँचा मुलगा, श्रीवर्धनकडचा, हारुनच्याच वर्गात. कमरुद्दीनच्या बहिणीला, शहनाझला, त्याचं स्थळ आलं होतं. बोलणी बरीच पुढे गेली होती, फक्त अलीमियाँ म्हणत होते की पोराला पक्की नोकरी लागू दे, मग निकाह. हारुनला ते स्थळ आवडलं होतं. त्यानेच कमरुद्दीनला सांगितलं होतं, पोरगा निर्व्यसनी आहे, हो म्हण. शहनाझला त्याने खांद्यावर बसवून गावच्या खाडीवर नेलेलं होतं, ती एवढीशी होती तेव्हा. आता हे सगळं त्याच्या मनात आलं आणि निघून गेलं, कारण तो मनातल्या मनात गिअर टाकत होता.

तयारी दोघांनी मिळून केली होती. दर शुक्रवारी, नमाज झाली की, शेठची पिकअप मागून घ्यायची आणि वस्तीबाहेरच्या सपाट खारट जमिनीवर जायचं, जिला इथले लोक सबखा म्हणतात. कमरुद्दीन तुपाचे रिकामे डबे मांडायचा, हारुन चालवायचा. पहिले काही शुक्रवार नुसता सत्यानाश. एका डोळ्याला डबा दिसतो, पण तो किती लांब आहे ते कळत नाही. जवळचा लहान डबा आणि लांबचा मोठा डबा सारखाच. कधी लवकर वळायचा, कधी उशिरा, डबे चेपून चपटे झाले. "डब्याकडे बघू नको, मधल्या वाटेकडे बघ. बघशील तिकडे गाडी जाईल," कमरुद्दीन ओरडायचा. हारुन वैतागून म्हणायचा, "एक डोळा दे तुझा, मग बघतो." आणि मग एका शुक्रवारी कमरुद्दीन डब्यावर बसला होता, तो एकदम उठला. "अरे हारून्या! बा कसा आणायचा गलबत आत?"

कमरुद्दीनचा बाप तांडेल होता. बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, पाण्याखाली, दिसत नाही. त्याच्या आणि खडकाच्या मधून गलबत आणायचं तर अंतर मोजून भागत नाही, पाणी अंतर कळू देत नाही. तांडेल काठावरच्या दोन खुणा धरायचा. पुढे मशिदीचा मिनार, मागे टेकडीवरचा एकटा माड. दोन्ही वेगळे दिसताहेत तोवर सरळ जायचं. मिनाराआड माड लपला, दोन्ही एक झाले, की सुकाणू फिरवायचं. "एक झाले की वळ," म्हातारा म्हणायचा, "ना आधी, ना मागनं." दोघं पोरं गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पालथी पडून ओरडायची, एक झाले! एक झाले! त्याला दोन डोळे लागत नाहीत, एक पुरतो. उलट एक मिटलेलाच बरा. त्या शुक्रवारी कमरुद्दीनने डब्याच्या मागे लांब एक काठी रोवली, आणि हारुन पहिल्यांदा सफाईने वळला. नंतर काठीचीही गरज राहिली नाही. कुठल्याही पिंपामागे काहीतरी असतंच, खांब, खजुरीचं झाड, कुणाच्या तंबूचा कोपरा. हारुन पायी फिरताना जोड्या लावून ठेवायचा आणि गाडीत बसला की नुसत्या त्या एक व्हायची वाट बघायचा. शुक्रवारी संध्याकाळी परतताना दोघं मोठ्याने तेच ओरडायचे, एक झाले! आणि रस्त्यावरचे बलुची हमाल म्हणायचे, कोकणी येडे झाले.

शर्यत शाळेच्या भिंतीबाहेर, मोकळ्या सबखावर होती आणि तिथे पोरं जमली होती. अरब होते, मलबारी होते, कराचीचे होते. सबखा पांढरी फटक पडली होती, वरून कडक, पायाखाली मिठाचे पापुद्रे करकरत होते. पिंपं चुन्याने रंगवलेली आणि प्रत्येकाभोवती चुन्याचं कडं, म्हणजे कुणी हलवलं तर लगेच कळावं. हारुनने वाट बघितली आणि त्याचा ऊर भरून आला. काय सुंदर आखली होती! आधी सरळ, मग नागमोडी, मग एक मोठा फेर, आणि शेवटी लांब पट्टा जोरात घेऊन एकदम डावीकडे वळण, दोन पिंपांच्या मधून. घाई केली तर फसलास, भ्यालास तर वेळ गेला. माणसाचा स्वभाव ओळखणारी वाट होती. कमरुद्दीन त्याच्याबरोबर फिरला, नियमाने आखणाऱ्याला प्रश्न विचारायची मुभा होती. प्रत्येक वळणाला हारुन थांबायचा, डोकं खाली करून गाडीच्या उंचीला आणायचा आणि जोडी शोधायचा. शेवटच्या वळणाला पिंपामागे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं रान आणि आकाश. मग कमरुद्दीनने हात केला. लांब, चहाच्या तंबूपाशी, एका बांबूवर लाल फडकं लावलेलं होतं.

"हे घे. जवळचं पिंप आणि तो बांबू. बाच्या मशिदीसारखं."

हारुनने बघितलं, बैठक मारून बघितलं, चालत येऊन बघितलं. बरोब्बर होतं. पिंपाआड बांबू लपला की तेच ते वळायचं ठिकाण. "तू खास माझ्यासाठी लावलास?" त्याने हळूच विचारलं.

"चहाचा आहे रे. आयताच मिळाला."

"राहील ना तिथे?"

"त्याला काय पाय फुटलेत?" कमरुद्दीन म्हणाला, आणि चुन्याने भरलेले हात पाटलोणीला पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला.

मग हारुन एका बाजूला, लॉरीच्या सावलीत जाऊन बसला. डोळे मिटले, दोन्ही. हात मांडीवर ठेवले आणि सगळी वाट पहिल्यापासून चालवली, हाताने, पायाने. मिटलेल्या डोळ्यांमागे दोन्ही बाजू सारख्या होत्या. तिथे तो कधी काणा नव्हता. आणि तिथेच, कशी कोण जाणे, ती विटी आली. दरवेळी येते. मशिदीमागचं पटांगण, कमरुद्दीनच्या हातात दांडू, उन्हात उडालेली विटी आणि मग गरम काहीतरी गालावरून उतरलेलं. कमरुद्दीन तेव्हा पळाला नाही, एवढं खरं. तो दांडू घेऊन समोर उभा राहिला, आणि हारुनच म्हणाला होता, रडत रडत, "बोरीचा काटा लागला म्हणून सांगू. तुझा बा तुला मारून टाकील." तेव्हापासून काटा तो काटाच राहिला. पुढे लायसन्सच्या वेळी डॉक्टरने उजवा डोळा झाकायला लावला तेव्हा भिंतीवरची अक्षरं हारुनने धडाधडा म्हणून दाखवली, कारण कमरुद्दीनने ती आदल्या दिवशी बघून येऊन त्याच्याकडून घोकून घेतली होती. एक डोळा फोडला आणि मग जन्मभर तिथे स्वतः उभा राहिला. हारुनला यात कधी हिशेब वाटला नव्हता. दोस्ती म्हणजे आणखी काय असतं?

मुश्ताकची फेरी चांगली झाली. शेवटच्या वळणाला तो जपून गेला, पण पिंप वाचवलं. साहेबाने वेळ सांगितला तेव्हा सगळ्यात पुढे तोच होता आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. हारुनचा नंबर शेवटचा. मधल्या वेळात वारा सुटला होता, तंबूची दोरी सैल झाली म्हणून कमरुद्दीन तिकडे धावला होता, ते हारुनने बघितलं आणि त्याला बरं वाटलं, की तो कामात आहे, त्याचं लक्ष आहे.

शर्यतीची लँड रोव्हर गरम झालेली होती. हारुनने सीट पुढे ओढली, आरसा खाली वळवला कारण त्याचा उपयोग नव्हता, बिस्मिल्ला म्हटलं. आणि मग सगळं सोपं झालं. पिंपामागे खांब, एक झाले, वळला. पिंपामागे खजूर, एक झाले, वळला. मिठाचे पापुद्रे उडत होते, गाडी हातात लोण्यासारखी होती, फेर तर असा घेतला की पोरं ओरडली. त्याला माहीत होतं की मुश्ताक मागे पडलाय, घड्याळ न बघता माहीत होतं. लांब पट्टा आला. त्याने पाय दाबला. पिंप डावीकडे सरकत होतं, बांबूकडे, सावकाश. अजून नाही. अंगातलं काहीतरी म्हणालं, आता वळ. नाही, अजून एक झाले नाहीत. ना आधी, ना मागनं. त्याने अंगाचं ऐकलं नाही, खुणेचं ऐकलं. एक झाले. त्याने चाक फिरवलं, आणि उजव्या बाजूला, चांगल्या डोळ्यासमोर, स्वच्छ उन्हात पिंप मोठं मोठं होत आलं. ठण्ण आवाज झाला. पिंप लोळत गेलं, मागचंही पडलं.

तो उतरला तेव्हा त्याला आवाज ऐकू येत नव्हते. लोक काहीतरी म्हणत होते. तो पिंपाकडे गेला नाही, सरळ चहाच्या तंबूकडे चालत गेला. बांबू उभा होता, लाल फडकं फडफडत होतं. आणि त्याच्या अलीकडे, काही पावलांवर, पांढऱ्या मिठात एक भोक होतं. सबखाचं वरचं कवच फुटलं की आत ओला तपकिरी चिखल असतो, तो अजून सुकला नव्हता. हारुन त्या भोकाकडे बघत उभा राहिला. बांबूला पाय फुटले होते. सगळ्या मैदानावर त्या बांबूकडे बघून वळणारा माणूस एकच होता, आणि ते ठाऊक असणाराही एकच. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. रक्तसुद्धा येत नाही.

साहेब धावत आला. मोठ्या मनाचा माणूस होता, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "हारुन, क्या हुआ? यू वेअर विनिंग, मॅन! किसी ने ड्रम हिलाया? बोलो. हिलाया, तो मैं फिर से चलाने देगा."

सगळे बघत होते. चुन्याची कडी जागच्या जागी होती, पिंपं जिथे होती तिथेच उभी होती, वाटेला कुणी हात लावला नव्हता. मग हारुनने सांगायचं काय? की साहेब, बांबू हलला? चहाच्या बांबूशी तुझा काय संबंध, साहेब विचारणार. मग सांगावं लागणार की मला अंतर कळत नाही. का कळत नाही? आणि मग ही जागा गेली, लॉरी गेली, लायसन्स गेलं, अन्वरीला आजवर दिलेलं प्रत्येक उत्तर खोटं ठरलं. अशी वाट आखली होती कमरुद्दीनने, की आत शिरता येईल पण बाहेर पडायला जागा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हारुनने त्याच्याकडे बघितलं. कमरुद्दीन साहेबाच्या मागे उभा होता, चेहरा पांढरा पडलेला, पटांगणात दांडू घेऊन उभा होता तसाच. वाट बघत होता, की हारुन या वेळी काय म्हणतो.

"नो, सर," हारुन म्हणाला. "माझीच चूक. उशिरा वळलो."

कमरुद्दीनच्या जिवात जीव आलेला त्याला दिसला. खरोखर दिसला, खांदे खाली आले. त्याची हारुनला इतकी किळस आली की त्याने तोंड फिरवलं. पलीकडे मुश्ताकला पोरांनी उचललं होतं आणि तो बिचारा लाजून हसत होता. त्याला काही माहीत नव्हतं, ते त्याच्या हसण्यावरून कळत होतं.

धक्क्यापर्यंत दोघं मागेपुढे चालले. मासळीवाले पाट्या धूत होते. कमरुद्दीन मागून बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. "हारून्या, ऐक. शहनाझचा प्रश्न होता. अलीमियाँ दुसरी मुलगी बघायला निघाले होते. आईचं तर... तुला दुसरी नोकरी मिळेल रे, तुझा हात आहे. आपण बघू. मी बघतो ना."

हारुन थांबला. लॉरीचा, डोळ्याचा, नोकरीचा राग त्याला आता येत नव्हता. दुसरंच काहीतरी आलं होतं आणि ते बोलल्याशिवाय पाणी ओलांडता येणार नव्हतं.

"कमऱ्या, तू मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार होतो?"

"की हर. शहनाझसाठी हर म्हणायचं होतंस. मी हरलो असतो. हसत हरलो असतो रे, तिच्या निकाहात बिर्याणी वाढली असती. डोळा मागितला नव्हतास तरी दिला ना? मागायचं सोडून चोरलंस. आणि तेसुद्धा बाच्या खुणेने."

कमरुद्दीन रडायला लागला. मासळीवाल्याने वर बघितलं, पुन्हा पाटी धुवायला लागला. हारुन अब्रात उतरला. उद्या सकाळी लॉरी भरायची होती, अल ऐनची खेप होती. तो फळीच्या टोकाला बसला. अब्रावाल्याने दोर सोडला, तेवढ्यात फळी हलली, कुणीतरी उडी मारून आत आलं आणि त्याच्या डाव्या बाजूला, जुन्या जागी, येऊन बसलं. मुसमुसण्याचा आवाज येत होता. कोपर हळूच कोपराला लागलं, पूर्वी लागायचं तसं.

समोर बर दुबईचा काठ होता. एका घरावरचा, वारा आत घेणारा बुरूज आणि त्याच्या मागची डोलकाठी एकमेकांकडे सरकत होती. हारुन तिकडेच बघत राहिला. डावीकडे बघायचं तर मान वळवावी लागली असती. त्याने मान वळवली नाही, आणि मान वळवली नाही की त्या बाजूला कुणीच नसतं.